रेसिंगच्या मियाटासाठी फ्लायव्हील: मूळचे ठेवावे की हलके बसवावे?

सॅनहोजेकर

नमस्कार. माझ्याकडे १९९३ ची, १.६ लिटर इंजिनाची माझदा मियाटा आहे. ती आता रस्त्यावर जवळजवळ चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका, सोनोमा आणि थंडरहिल या सर्किटांवरच्या ट्रॅक डे (सर्किटवर स्वतःची गाडी चालवण्याचे दिवस) आणि टाइम ट्रायल (फेरीच्या वेळेची स्पर्धा) यांसाठीच राखून ठेवली आहे. क्लच घसरू लागल्यामुळे लवकरच गिअरबॉक्स उतरवावा लागणार आहे, आणि तो उतरला की फ्लायव्हीलही (इंजिन आणि क्लच यांच्यामधली जड फिरती चकती) हाताशी येणार. मूळचे बिडाचे फ्लायव्हील साधारण आठ किलोचे आहे. बाजारात मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची फ्लायव्हील त्याच्या निम्म्या वजनाची असतात, आणि स्टीलची या दोहोंच्या मधली असतात.

विकणारे सांगतात की इंजिन 'मोकळे' होते आणि गाडी झेप घेते. पॅडॉकमधले (सर्किटवर गाड्या उभ्या करण्याच्या आवारातले) जुने स्पर्धक मात्र सांगतात की त्या पैशांत टायर घ्यावेत. मला दोन्ही मतांमागचे कारण समजून घ्यायचे आहे. पुढेमागे स्पेक मियाटा (जवळजवळ सारख्याच ठेवलेल्या मियाटांच्या शर्यती) या वर्गात उतरण्याचाही विचार आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नियमावली

तुमचे शेवटचे वाक्य खरे तर पहिले असायला हवे होते. एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या) स्पेक मियाटा वर्गात क्लच प्लेट आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट निवडण्याची काही मोकळीक असते, पण फ्लायव्हील मूळचे आणि हात न लावलेलेच हवे. तिकडे खरोखर जायचे असेल, तर आज बसवलेले हलके फ्लायव्हील काढण्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल. टाइम ट्रायलच्या अनेक वर्गांत फ्लायव्हील बदलता येते, पण त्यामुळे गाडी वरच्या वर्गात ढकलली जाते का, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तकात पाहूनच पाकीट उघडावे.

घूर्णन

मी पुण्यात ड्राइव्हट्रेनच्या क्षेत्रात काम करते. सॅनहोजेकर, तुमच्याच गाडीचे आकडे घेऊन हिशेब मांडते, म्हणजे 'झेप' नेमकी किती ते दिसेल.

इंजिन गाडीचा वेग वाढवते तेव्हा त्याला गाडीबरोबर स्वतःचे फिरणारे भागही वेगात आणावे लागतात. फ्लायव्हीलच्या या विरोधाचे गाडीच्या वजनात रूपांतर करता येते. त्यासाठी त्याच्या जडत्व-आघूर्णाला (फिरण्याचा वेग बदलायला होणाऱ्या विरोधाच्या मापाला) एकूण गिअर प्रमाणाच्या वर्गाने गुणावे आणि चाकाच्या त्रिज्येच्या वर्गाने भागावे. सगळा खेळ त्या वर्गात आहे. फ्लायव्हीलमधून चार किलो गेले आणि ते सरासरी दहा सेंटिमीटर त्रिज्येवर होते असे धरले, तर जडत्व-आघूर्ण ०.०४ किलो-चौरस मीटरने कमी होते. तुमच्या गिअरबॉक्सची प्रमाणे ३.१३६, १.८८८, १.३३०, १.००० आणि ०.८१४ अशी आहेत, डिफरन्शियलचे ४.३ आहे, आणि चाकाची त्रिज्या २८.५ सेंटिमीटर धरू.

पहिल्या गिअरमध्ये त्या चार किलोंचा परिणाम गाडीतून ९० किलो काढल्यासारखा येतो. दुसऱ्यात तो ३२ किलोंवर येतो, तिसऱ्यात १६ वर, चौथ्यात ९ वर आणि पाचव्यात जेमतेम ६ वर. जाहिरातदार पहिल्या गिअरचा आकडा सांगतात, आणि तो खोटा नसतो. पण सर्किटवर पहिला गिअर पिटमधून बाहेर पडतानाच वापरला जातो. लागुना सेकावर अकराव्या वळणाला तुम्ही दुसरा टाकत असाल. बाकीची फेरी तिसऱ्या-चौथ्यातच जाते. चालकासह गाडी १,०५० किलोची धरली, तर तिसऱ्यात फायदा दीड टक्का आणि चौथ्यात एका टक्क्याहूनही कमी.

एक टक्का म्हणजे किती? सरासरी दीड मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या प्रवेगाने दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल दिला, तर एक टक्क्याने गाडी सुमारे पाऊण मीटर पुढे जाते. मियाटाची लांबी चार मीटरच्या आसपास आहे. अटीतटीच्या शर्यतीत पाऊण मीटरलाही किंमत आहे, हे मला मान्य आहे. पण तिसऱ्या गिअरमधले ते १६ किलो म्हणजे सुमारे २२ लिटर पेट्रोल, तुमच्या ४५ लिटरच्या टाकीचा जवळजवळ निम्मा भाग. भरलेल्या टाकीने फेऱ्या मारणाऱ्याने ती अर्धी भरून पाहावी. त्यात ब्रेकिंगला आणि वळणातल्या पकडीलाही फायदा होतो. फ्लायव्हील हलके केल्याने तो अजिबात होत नाही.

आणखी एक गोष्ट. विक्रेत्याला वजन विचारू नका, जडत्व-आघूर्ण विचारा. कडेला, तेरा सेंटिमीटर त्रिज्येवर कमी केलेला एक किलो हा मध्याजवळ सहा सेंटिमीटरवर कमी केलेल्या किलोच्या साडेचार पटींहून अधिक उपयोगाचा असतो. मधे भोके पाडून वजनकाट्यावर चमकणारी फ्लायव्हील मी पाहिली आहेत.

वळणवेडा

घूर्णनताईंचा हिशेब बिनचूक आहे, पण तो सगळा थ्रॉटल दाबलेला असतानाचा आहे. मला हलक्या फ्लायव्हीलची खरी किंमत ब्रेक दाबलेला असताना कळते.

सोनोमाच्या सातव्या वळणापाशी किंवा लागुनाच्या कॉर्कस्क्रूपाशी येताना आपण ब्रेक मारत गिअर खाली टाकतो. ताशी ११० किलोमीटरला ही गाडी चौथ्यात साधारण ४,४०० आरपीएमवर असते. तिसरा टाकला की तिला ५,८५० च्या आसपास जावे लागते. मधले साडेचौदाशे आरपीएम टाचेने थ्रॉटलला टिचकी देऊन भरून काढायचे असतात. जड फ्लायव्हीलला ही टिचकी लांब आणि खोल द्यावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी पायाचा चवडा ब्रेकवरचा दाब ढळू न देण्याच्या खटपटीत असतो. हलक्या फ्लायव्हीलला पायाचा नुसता स्पर्श पुरतो. माझ्या अनुभवात ब्रेकवरचा दाब एकसारखा राहू लागला आणि त्यामुळे ब्रेकिंगची जागा पुढे सरकली. हे कुठल्या सूत्रात बसवणार?

घूर्णन

सूत्रात बसते, आणि तुमच्या बाजूनेच बसते. मात्र त्याला दुसरी बाजूही आहे.

समजा टिचकी कमी पडली आणि क्लच सोडताना इंजिन ५०० आरपीएमने मागे राहिले. तेवढा फरक आता मागच्या चाकांना रस्त्याच्या पकडीतून भरून काढावा लागतो. क्रँक आणि प्रेशर प्लेट धरून फिरणाऱ्या भागांचे जडत्व-आघूर्ण मूळ फ्लायव्हीलसह ०.१३ धरू, आणि क्लच एक दशांश सेकंदात पकडतो असे मानू. तिसऱ्या गिअरमध्ये मागच्या आसावर सुमारे १,४०० न्यूटनचा जादा ब्रेक लागतो. हलक्या फ्लायव्हीलने तो ९५० च्या आसपास येतो. जोरदार ब्रेकिंगमध्ये वजन पुढे गेल्यामुळे या गाडीच्या मागच्या आसावर तीनेक हजार न्यूटनच भार उरतो आणि त्यातला बराचसा ब्रेकनेच वापरलेला असतो. म्हणून जड फ्लायव्हीलवर चुकलेली टिचकी मागचा भाग झटकन बाहेर काढते, आणि हलक्यावर तीच चूक पुष्कळदा खपून जाते.

दुसरी बाजू अशी की हलके फ्लायव्हील जितक्या लवकर चढते तितक्याच लवकर उतरते. टिचकी दिल्यानंतर क्लच सोडायला क्षणभर जास्त लागला, तर चढवलेले आरपीएम तेवढ्यात खाली आलेले असतात. जड फ्लायव्हील तुमच्यासाठी थांबते. ज्याच्या हातापायांचा मेळ बसला आहे त्याला हलके फ्लायव्हील बक्षीस देते. ज्याचा बसलेला नाही त्याला ते आणखी गोंधळात टाकते. तेव्हा सॅनहोजेकर, हिशेबाआधी स्वतःचे पाय तपासा. पायांकडे रोखलेला एखादा छोटा कॅमेरा लावला, तर दोन सत्रांत उत्तर मिळेल.

नवखा_चालक

माझी एक शंका. हलक्या फ्लायव्हीलने टॉर्क (फिरवणारा जोर) कमी होतो आणि चढावर गाडी मरते, असे आमच्या गॅरेजवाल्याने सांगितले. लागुना सेकावर सहाव्या वळणापासून कॉर्कस्क्रूपर्यंत मोठा चढ आहे. तिथे तोटा होणार का?

घूर्णन

नाही. फ्लायव्हील टॉर्क निर्माण करत नाही, फक्त साठवते आणि परत देते. एकसारख्या वेगाने चढ चढताना ते हलके असो वा जड, चाकांना मिळणारा टॉर्क तोच असतो. वेग वाढत असेल तर हलके किंचित फायद्याचेच. गॅरेजवाले शहरातल्या गाडीचा विचार करतात. तिथे कमी आरपीएमवर क्लच सोडताना जड फ्लायव्हीलचा साठा इंजिनाला बंद पडण्यापासून वाचवतो, आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे योग्य आहे.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा की हलक्या फ्लायव्हीलने अश्वशक्ती वाढते, आणि पुरावा म्हणून डायनोचा (शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवला जातो. जड रोलर फिरवून त्याच्या प्रवेगावरून शक्ती काढणाऱ्या डायनोवर फ्लायव्हीलला वेगात आणण्यात खर्च होणारी शक्ती मोजमापातून वजा होते. फ्लायव्हील हलके केले की या गाडीला ७,००० आरपीएमपाशी एक-दोन अश्वशक्ती जास्त दिसतील. ब्रेक लावून एकाच आरपीएमवर स्थिर धरणाऱ्या डायनोवर तीच गाडी नेली, तर तो फरक नाहीसा होतो. इंजिनात काहीच बदललेले नसते.

शिरोलीकर

मी कोल्हापूरचा. आयुष्य शिरोली एमआयडीसीत ओतकामात आणि मशीन शॉपमध्ये गेले. आमच्या भागातल्या फाउंड्रींतून फ्लायव्हीलचे कास्टिंग पुष्कळ जाते, म्हणून न विचारता बोलतो. इथे अजून कोणी म्हटलेले नाही, पण कोणीतरी म्हणणारच, की नवीन कशाला घ्यायचे, मूळचेच लेथवर चढवून मागून खरवडून घेऊ. आमच्याकडे कार्टिंगवाली पोरे अशी कामे घेऊन येतात. मी मोटारीच्या फ्लायव्हीलला स्पष्ट नकार देतो.

कारण सांगतो. फ्लायव्हीलला करडे बीड वापरतात ते स्वस्त आहे म्हणून, आणि त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता चांगली पसरते, कंपने विरतात व क्लच प्लेटला घर्षणाचा पृष्ठभाग चांगला मिळतो म्हणूनही. पण तेच पापुद्रे ताणाखाली चिरेची सुरुवात ठरतात. आयएस २१० या भारतीय मानकातले एफजी २६० बीड घेतले, तर त्याची ताणशक्ती २६० मेगापास्कल. तीही नव्या, निर्दोष तुकड्याची. तुमचे फ्लायव्हील ७,००० आरपीएमला फिरते तेव्हा त्याची कड सेकंदाला शंभर मीटरने धावत असते, आणि कडेच्या कड्यात फिरण्याने येणारा ताण सत्तर मेगापास्कलच्या वर जातो. इथवर ठीक आहे. आता रेसमध्ये तिसऱ्यातून चौथा टाकताना चुकून दुसरा पडला, तर चाके इंजिनाला जवळजवळ १०,००० वर ओढतात आणि ताण दुप्पट होतो. त्यात घसरत्या क्लचने निळे डाग पाडलेले, उष्णतेने बारीक चिरा गेलेले जुने बीड, आणि वर कोणीतरी जाड पोट खरवडून पातळ केलेले. ते फुटले तर बेलहाउसिंग (त्याच्याभोवतीचे आवरण) फाडून बाहेर येते, आणि चालकाचे पाय तिथेच असतात. फिरत्या मूळ फ्लायव्हीलमध्ये ७,००० ला वीस किलोज्यूलहून अधिक ऊर्जा असते; एक टनाची गाडी दोन मीटर उचलायला तेवढी पुरते.

घ्यायचे असेल तर अखंड स्टीलमधून कापलेले किंवा चांगल्या अ‍ॅल्युमिनियमचे, एसएफआय १.१ या रेसिंग-सुरक्षा मानकाचा शिक्का असलेले घ्या. मला विचाराल तर स्टील. अ‍ॅल्युमिनियमला घर्षणासाठी स्टीलची चकती बोल्टने किंवा रिव्हेटने बसवावी लागते, आणि अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चकती बदलता येते हा फायदा आहेच, पण सत्रामागून सत्र तापणाऱ्या गाडीत तो सांधा तपासत राहावे लागते.

वळणवेडा

काका, उत्तम माहिती. चौथ्याऐवजी दुसरा पडणे ही मियाटाच्या पॅडॉकमधली घराघरातली गोष्ट आहे.

घूर्णन

शिरोलीकरांनी कंपनांचा उल्लेख केला आहे, तो धागा पुढे नेते. चार सिलिंडरचे इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोन ठोके देते, आणि फ्लायव्हील ते सपाट करून गिअरबॉक्सकडे पाठवते. हलके केले की ठोके अधिक तीव्रतेने पुढे जातात, आणि न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडू लागतो. मियाटात फ्लायव्हील एकसंध आहे आणि क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगा आहेत, म्हणून ती प्लेट स्प्रिंगांचीच ठेवली, तर त्रास सोसण्याइतका राहतो. हलके फ्लायव्हील आणि बिनस्प्रिंगांची, पक वाली (घर्षणाचे सुटे तुकडे लावलेली) प्लेट अशी जोडी मात्र गिअरबॉक्सच्या जिवावर उठते. ज्या गाड्यांत मूळचेच द्विवस्तुमान फ्लायव्हील असते त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे कंपने शोषण्याची व्यवस्था फ्लायव्हीलमध्येच असल्यामुळे हलके एकसंध फ्लायव्हील बसवताना ती व्यवस्थाच काढून टाकली जाते.

मोकळ्या चालीचाही (आयडलिंगचाही) प्रश्न येतो. पोर्श ९६४ वर तिच्याच आरएस या रेसिंगकडे झुकलेल्या आवृत्तीचे हलके फ्लायव्हील बसवणाऱ्यांना क्लच दाबून सिग्नलपाशी येताना इंजिन बंद पडण्याचा अनुभव येतो, कारण आरपीएम इतक्या वेगाने पडतात की मोकळ्या चालीचे नियंत्रण त्यांना वेळेत सावरू शकत नाही. ट्रॅकवर याचे महत्त्व कमी आहे, पण गाडी ट्रेलरवर चढवताना चारचौघांत तीनदा बंद पडली की महत्त्व वाढते.

अवांतर: ज्यांना जडत्व खरोखरच खाली आणायचे आहे ते फ्लायव्हीलचा व्यासच घटवतात आणि १८४ किंवा १४० मिलिमीटरचा दोन-तीन प्लेटांचा क्लच बसवतात. फॉर्म्युला गाड्यांत हेच असते. त्रिज्येचा वर्ग तिथे तुमच्या बाजूने काम करतो. पण असा क्लच पॅडॉकमध्ये अर्धवट दाबून सरकवत चालवणे म्हणजे पैसे जाळणे.

कोईमतूरवारी

एक मुद्दा सुटला आहे: सुरुवात कशी होते? अमेरिकेतल्या क्लब रेसमध्ये बहुतेक वेळा चालत्या गाड्यांनी सुरुवात होते, आणि टाइम ट्रायलमध्ये तर प्रश्नच नाही. उभ्या गाडीने सुरुवात असेल तर गणित फिरते. ५,००० आरपीएमवर मूळ फ्लायव्हील अकरा किलोज्यूल धरून असते, हलके साडेपाच. हजार किलोची गाडी ताशी १८ किलोमीटरला आणायला तेरा-एक किलोज्यूल लागतात. म्हणजे जड फ्लायव्हील पहिल्या काही मीटरची बरीचशी सोय आधीच करून ठेवते, तर हलक्यावर क्लच जरा लवकर सुटला की इंजिन बसते आणि दोन गाड्या बाजूने निघून जातात. पहिल्या गिअरमधल्या त्या ९० किलोंचा फायदा नंतर मिळतो, हे खरे. पण आधी हलायला तर हवे.

आपल्याकडे एलजीबी फॉर्म्युला ४ सारख्या वर्गांत सगळ्यांना सारखीच गाडी असल्यामुळे हा वाद उद्भवत नाही, आणि त्यामुळेच माणूस पायांवर मेहनत घेतो.

सॅनहोजेकर

सर्वांचे मनापासून आभार. घूर्णनताईंच्या सूचनेप्रमाणे पायांपाशी कॅमेरा लावून थंडरहिलला एक दिवस घालवला. टिचकी वेळेवर पडते, पण देताना ब्रेकवरचा दाब दर वेळी कमी होतो, हे चित्रफितीत स्वच्छ दिसते. म्हणजे वळणवेडा म्हणतात तो फायदा मला होण्यासारखा आहे. स्पेक मियाटाचा विचार दोन वर्षे तरी पुढे ढकलला आहे, आणि टाइम ट्रायलच्या माझ्या वर्गात हा बदल चालतो, याची खात्री करून घेतली. त्यामुळे साडेपाच किलोच्या आसपासचे अखंड स्टीलचे फ्लायव्हील आणि स्प्रिंगांची साधी क्लच प्लेट, असे ठरवत आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत तिसऱ्या गिअरमधला फायदा दहा किलोंवर येईल, हे स्वीकारले. मूळचे फ्लायव्हील तेल लावून कपाटात ठेवीन.

शिरोलीकर काका, एकच प्रश्न. नवे फ्लायव्हील बसवताना क्रँकशाफ्टही काढून दोन्ही एकत्र बॅलन्स करावे लागतील का?

शिरोलीकर

नाही. सरळ चार सिलिंडरच्या या इंजिनात क्रँक स्वतंत्रपणे समतोल असतो आणि फ्लायव्हीलही स्वतंत्रपणे, म्हणून क्रँकला हात लावायची गरज नाही. फ्लायव्हील एकट्याने बॅलन्सिंग मशीनवर तपासून घ्या, मग त्यावर प्रेशर प्लेट बोल्टने बसवून पुन्हा तपासा आणि दोघांवर जुळणीची खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी ती त्याच जागी बसेल. रिंग गिअर (स्टार्टर ज्यात अडकतो ते कडेचे दातेरी कडे) नीट टेकला आहे ना, हे फीलर गेजने पाहा. फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन घ्या, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर समोरासमोरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळा, आणि गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर क्रँकचे मागचे ऑइल सील आणि पायलट बेअरिंगही त्याच वेळी बदला. तेल गळून क्लच प्लेटवर आले, तर फ्लायव्हील कोणते बसवले आहे याला काही अर्थ राहणार नाही.